खोकल्याचा काढा

१३ मार्च, सोमवार

बाजाराचा दिवस. किसोरोहून बटाटे, घेवडा आणि दोन कोंबड्या आणल्या. सकाळी मुहाबुरा डोंगर पायथ्यापासून टोकापर्यंत स्वच्छ दिसत होता, म्हणजे दुपारी पाऊस ठरलेलाच, आणि तो आला. पाहुण्यांच्या तिन्ही खोल्या आज रिकाम्या. उद्या हॉलंडहून एक बाई येणार आहे, एकटीच.

तेलेस्फोर यांच्या निवृत्तीला सात आठवडे उरले. संध्याकाळी त्यांच्याबरोबर गासिगवा आला होता. गोरिलांचा माग काढणाऱ्यांत तेलेस्फोर यांच्या खालोखाल तोच. ज्वारीची आंबील पिता पिता मला म्हणाला, "दातिवाची आई, एप्रिल संपला की जपून राहा. हे रोज पहाटे तुमच्या पावलांचे ठसे बघत बाजारापर्यंत येतील. तुम्ही कुठे बसलात, काय खाल्लंत, सगळं वहीत टिपून ठेवतील."

तेलेस्फोर म्हणाले, "छत्तीस वर्षं झाली. अजून हिचा माग लागलेला नाही."

दोघं हसले. मीही हसले. पण तेलेस्फोर यांनी आंबील निम्मी ठेवली. मे महिन्यात सकाळी उठून हे काय करतील, ते मला सांगता येत नाही. दातिवा कंपालाहून फोनवर म्हणते की इकडे या दोघंही. इस्पितळाच्या नोकरीतून तिला घरी यायला सवड नाही, आणि आईबाप मात्र हवेत. मी हो म्हणते. तिच्या बाबांना तिथे रुतारे, त्यांच्या कळपाचा म्होरक्या गोरिला, दिसणार नाही, हे ती विसरते.

१४ मार्च, मंगळवार

बाई आल्या. नाव आन्नेके, वय सत्तरच्या आसपास, उंच, पांढरे केस मुलांसारखे कापलेले. गाडीतून उतरल्या आणि "नमस्कार, मी उशीर तर नाही ना केला?" असं इंग्रजीत म्हणाल्या. त्यातला प्रत्येक शब्द ज्या तऱ्हेने वळला, त्याने मी अंगणातच थबकले. सिस्टर लिडविना, त्याही हॉलंडच्या, अशाच बोलायच्या. चाळीस-पन्नास वर्षांत तो आवाज कानावर पडला नव्हता.

सिस्टर लिडविनांबद्दल या वहीत किती वेळा लिहिलं असेल कोण जाणे. मिशनच्या शाळेत मी आठ वर्षांची गेले तेव्हा रडून रडून ताप आला होता. त्यांनी मला आपल्या झग्याच्या घोळात बसवून शिवणाचे टाके शिकवले. माझी अक्षरं अजून त्यांच्या अक्षरांसारखीच उजवीकडे झुकतात.

आन्नेकेबाईंना खोकला आहे. कोरडा नाही, ओला. मी चहा ठेवला आणि सांगितलं की खोकला असलेल्या माणसाला वर गोरिलांकडे सोडत नाहीत. आपला साधा पडसं-खोकला गोरिलांना मारू शकतो. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, आणि मी तर माग काढणाऱ्यांच्या मुकादमाची बायको.

 मग म्हणाल्या, त्यांचे यजमान, केस नावाचे, नोव्हेंबरमध्ये वारले. दोघांचे गोरिला बघायचे परवाने दोन वर्षांपूर्वी काढलेले होते. केसनी गोठ्याच्या दारावर गोरिलाचं एक चित्र चिकटवलं होतं आणि दूध काढताना त्याच्याशी बोलायचे. उद्याचाच परवाना आहे, परवाचं विमान. पुढचे सगळे दिवस भरलेले, असं कार्यालयाने आधीच कळवलंय. एवढं सांगून त्या म्हणाल्या, "ठीक आहे. मी खोलीच्या खिडकीतून डोंगर बघेन." रडल्या असत्या तर मला नाही म्हणता आलं असतं.

स्वयंपाकघराच्या कुंपणाला उमुरावुम्बा लावलेला आहे. इकडे कुणाच्याही घरी खोकला झाला की त्याचीच पानं. सिस्टर लिडविना गावच्या बायकांकडून तो काढा शिकल्या होत्या आणि शाळेत आम्हाला नाक दाबून पाजायच्या. मी तीन वेळा करून दिला, मध घालून, कडक. रात्रीच्या जेवणापर्यंत खोकला बसला. त्याने खोकला जात नाही, दबतो. पण मला वाटतं, विमानातल्या हवेचा आणि रस्त्याच्या धुळीचाच खोकला तो. आजार नव्हे. पहाटे निघण्यापूर्वी आणखी एक पेला देईन.

तेलेस्फोर यांना सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

१५ मार्च, बुधवार

बाई चार वाजता परत आल्या, गुडघ्यापर्यंत चिखल, हातांवर खाजऱ्या झाडांचे चट्टे, आणि चेहरा पहिल्या प्रभुभोजनाला निघालेल्या मुलीसारखा.  माझे दोन्ही हात धरून बसल्या.

मग रात्री जेवताना तेलेस्फोर यांच्याकडून ऐकलं. खरं तर मीच खोदून खोदून विचारलं. रुतारे बांबूच्या कडेला कोवळे कोंब सोलत बसला होता. सगळ्यांना अंतरावर उभं केलेलं. बाईंच्या हातातला रुमाल गळून पडला. रुतारे उठून आला, त्या मागे सरल्या, आणि त्याने तो रुमाल उचलला, वास घेतला, एक क्षण तोंडाजवळ धरला आणि बाजूला ठेवला. जशी आपण कुणाची पडलेली वस्तू उचलून ठेवतो तशी. बाई उभ्या उभ्या रडल्या.

मला फार आनंद झाला. केस वरून बघत असतील, असं मी म्हणाले.

तेलेस्फोर यांनी विचारलं, "बाईंना काल झोप लागली होती का नीट?"

मी म्हटलं, हो, चांगली लागली होती. त्यांनी मान हलवली. जेवण अर्धंच सोडून उठले आणि बाहेर जाऊन बूट धुवायला लागले. धुतलेलेच होते, पुन्हा धुतले. सात आठवड्यांनी हे सगळं सुटणार म्हणून हल्ली प्रत्येक गोष्ट त्यांच्या मनाला लागते.

१६ मार्च, गुरुवार

आन्नेकेबाई गेल्या. जाताना मला मिठी मारली तेव्हा त्यांच्या छातीत घरघर ऐकू आली. वाटेसाठी काढ्याची बाटली भरून दिली.

१९ मार्च, रविवार

तेलेस्फोर चर्चमध्ये मिस्सेला आले नाहीत. सुटीचा दिवस असून वर गेले. उपवासकाळातला रविवार त्यांनी कधी चुकवलेला मला आठवत नाही. कुणी विचारलं तर काय सांगायचं, म्हणून मी थोडं बोलले. म्हणाले, "सगळ्यांचे श्वास मोजायचे होते."

श्वास कसले मोजायचे? मला हसूच आलं. चोवीस वर्षांपूर्वी जेव्हा हा कळप माणसांना सरावायचा होता, तेव्हाही हे असेच. दोन वर्षं रोज जाऊन त्यांच्यापासून थोडं दूर बसायचं. डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. पाला चावायचा. घसा खाकरल्यासारखा हळू आवाज काढायचा. गोरिला एकमेकांना तसंच सांगतात की मी इथे आहे, सगळं ठीक आहे. रुतारे तेव्हा नुकता वयात आलेला, रागीट. एकदा याने यांची मांडी फाडली. टाके घालून आठव्या दिवशी हे पुन्हा त्याच्यासमोर जाऊन बसले. घरीही ताटावर बसले की तोच आवाज काढायचे, आणि दातिवा चार वर्षांची, ती तसाच आवाज काढून उत्तर द्यायची. ते घर किती भरलेलं होतं.

२२ मार्च, बुधवार

गोरिलांना खोकला झालाय.

गासिगवाने येताना रस्त्यावरूनच सांगितलं. आधी दोन पिल्लं, मग एक मादी, आणि आज रुतारेचं नाक वाहतंय. पाहुण्यांना वर जायची बंदी.  मी बोटांवर दिवस मोजले. सात. पुन्हा मोजले, सातच.

पण दर पावसाळ्यात त्यांना थोडंफार पडसं होतंच. दोन वर्षांपूर्वीही झालं होतं आणि गेलं. तेव्हा आन्नेकेबाई कुठे आल्या होत्या?

२३ मार्च, गुरुवार

सकाळी उठले तर स्वयंपाकघराजवळचं कुंपण उघडं. तेलेस्फोर यांनी उमुरावुम्बाचं सगळं झाड मुळासकट उपटलं होतं, एक फांदी ठेवली नव्हती. कुदळीने माती सारखी करत होते. म्हणाले, इथे कोबी लावणार.

मी म्हटलं, कोबीला काय जागा नाही दुसरीकडे? घरात कुणाला खोकला आला तर?

"खोकला येत असेल तर खोकू दे."

असं ते माझ्याशी बोलत नाहीत. वर काळजी आहे, तिचा राग झाडावर निघाला असेल.  पानं गोळा करून खताच्या खड्ड्यात टाकली. हातांना दिवसभर तो वास होता, साबणाने गेला नाही.

२५ मार्च, शनिवार

देवदूताने मरियेला निरोप दिला तो सण. चर्चला गेले. पापनिवेदनाला रांग फार होती, म्हणून थांबले नाही.

खरं लिहायचं तर माझ्यापुढे चार बायका होत्या.

२९ मार्च, बुधवार

जनावरांच्या डॉक्टर, अतुहैरेबाई, तीन दिवसांपासून माझ्याच दुसऱ्या खोलीत उतरल्यात. दातिवाच्या वयाच्या. बंदुकीने औषधाची सुई मारतात. पिल्लं सुधारली, मादी सुधारली. रुतारे मात्र बांबूचे कोंब पुढ्यात असूनही खात नाही. पडून राहतो. म्हणाल्या, त्याचं वय झालंय, छाती भरलीय. आज चहा पिताना वही काढून त्यांनी मला विचारलं, या महिन्यात तुमच्याकडे कोण कोण उतरलं होतं, कुणाला सर्दी-खोकला होता का. सगळ्याच घरमालकांना विचारताहेत.

मी नावं सांगितली. दोन कॅनडाचे मुलगे, ज्यांनी मुहाबुरा चढून पाय सुजवून घेतले होते. एक जर्मन जोडपं. आन्नेकेबाई.

"आणि खोकला?"

"नाही," मी म्हटलं. "कुणालाच नव्हता."

त्याच वेळी तेलेस्फोर जळणाची मोळी घेऊन दारात आले होते. त्यांनी मोळी हळूच खाली ठेवली. फार हळू. जणू आत कुणी झोपलंय. मग डॉक्टरबाईंना विचारलं, चहा गरम करून देऊ का.

सिस्टर लिडविना सांगायच्या, खोटं बोलताना मुलीच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. लहानपणी मी आरशात बघायचे. आज पाहिलं नाही.

३१ मार्च, शुक्रवार

हे कसं लिहू ते कळत नाही.

गासिगवा दुपारी धावत आला, चिखलाच्या बुटांनी थेट आत. तेलेस्फोर यांनी कार्यालयात जाऊन सांगितलं की दोष माझा आहे. पंधरा तारखेच्या सुमाराला मला सर्दी होती, मी ती लपवली आणि वर जात राहिलो. कागदावर लिहून सही केली. साहेबांनी त्यांचा रेडिओ, कोट आणि बिल्ला काढून घेतला. आता जंगलाच्या दगडी भिंतीच्या आत पाऊल टाकायचं नाही. तीस एप्रिलला निरोपाची मेजवानी होणार होती, ती नाही.

गासिगवा माझ्यावरच चिडल्यासारखा बोलत होता. "वाट अरुंद. दोन हातांवर मी यांच्या मागे चालतो, दिवसाचे आठ तास. खोकला असता तर मला कळला नसता? माणूस शिंकलेलासुद्धा नाही. दातिवाची आई, हे काय आहे, तुम्ही तरी सांगा."

मी म्हटलं, मला डाव्या कानाने कमी ऐकू येतं.

तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग निघून गेला.

पण खरंच, असेलही. बारा तारखेला पावसात भिजून आले होते. त्या रात्री घसा खाकरला होता, मला स्पष्ट आठवतंय. तो गोरिलांचा आवाज असेल असं मला वाटलं, पण नसेलही. आणि ते खोटं बोलणारे नाहीत. त्यांनी सही केली म्हणजे तसंच असलं पाहिजे.

देवा, मला क्षमा कर. हे लिहिलं आणि दहा दिवसांत पहिल्यांदा माझी छाती हलकी झाली.

२ एप्रिल, रविवार

नाही, तसं नाही. ते खोकले नव्हते. मी त्यांच्या शेजारी झोपते.

मग का सांगितलं? निवृत्तीआधी बदनामी ओढवून घ्यायची कुणाला हौस असते? गासिगवाला किंवा इतर कुणाला वाचवत असतील. त्यांचा स्वभावच तसा. कुणाचं तरी घर चालावं म्हणून.

आज दिवसभर दगडी भिंतीशी बसले होते. बाहेरच्या बाजूला. म्हशींनी शेतात येऊ नये म्हणून घातलेली ती भिंत. माणसाला सहज ओलांडता येते. ओलांडली नाही. गासिगवा उतरताना त्यांच्याजवळ थांबून सांगतो, आज एवढं खाल्लं, एवढं चालला. काल पाणी प्यायला. आज नाही. मी उकडलेले बटाटे घेऊन गेले. ते म्हणाले, ठेव. परत आले तेव्हा बटाटे तसेच, थंड.

६ एप्रिल, गुरुवार

रुतारे गेला. सकाळी आठच्या सुमारास, बांबूत, कुशीवर. गासिगवाने सांगितलं की माद्या भोवती बसून होत्या आणि एक कोवळा नर त्याच्या पाठीवरचे केस विंचरत होता, उवा शोधतात तसं, बराच वेळ.

तेलेस्फोर यांनी ऐकलं. "पाठीवरचे का डोक्यावरचे?" एवढंच विचारलं. पाठीवरचे, गासिगवा म्हणाला. मग ते घरात आले आणि कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडले. त्यांचे वडील वारले तेव्हाही ते असे पडले नव्हते.

७ एप्रिल, शुक्रवार

आज त्याला खाली आणलं.

बारा माणसांनी बांबूच्या डोलीवर. डॉक्टरबाईंना तपासणी करायची होती, मग फाटकाजवळच पुरणार होते. वाट भिंतीला लागून येते. तेलेस्फोर बाहेरच्या बाजूला उभे होते, टोपी हातात. मी त्यांच्या मागून गेले. पाऊस थांबून थांबून पडत होता. डोली भिंतीशी आली तेव्हा गासिगवाने हात वर केला आणि बाराही जण थांबले.  एक हात डोलीबाहेर लोंबत होता, माणसाच्या हातासारखाच, फक्त दुप्पट. तेलेस्फोर भिंतीवरून वाकले, पण हात पोहोचला नाही. वीतभर कमी पडला. गासिगवाने डोली जवळ घ्यायला सांगितली असती, पण मागून साहेब येत होते. ते पुढे गेले.

मला वाटतं मी तिथेच बोलले, कारण पुढे कधी बोलू शकले नसते.

"मीच केलं," मी म्हटलं. "त्या हॉलंडच्या बाईंना खोकला होता. मी काढा दिला."

ते डोली गेली त्या दिशेने बघत होते. म्हणाले, "माहीत आहे."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"काठ्या-पिशव्या ठेवायला थांबवतो ना सगळ्यांना, कळपाजवळ जायच्या आधी. तिथे त्या माझ्यासमोर आल्या. तोंडाला उमुरावुम्बाचा वास. हॉलंडच्या बाईच्या तोंडाला. या डोंगरात तो काढा मध घालून कोण देतं, ते मला माहीत नाही का?"

"मग थांबवलं का नाहीत त्यांना?"

 आपल्या बोटांकडे बघत होते, जी वीतभर कमी पडली होती.

"थांबवलं असतं तर का थांबवलं ते सगळ्यांसमोर सांगावं लागलं असतं. तुझं नाव घ्यावं लागलं असतं. आठ पाहुणे, सहा हमाल, गासिगवा. संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं की मुकादमाच्या बायकोनेच." मग म्हणाले, "मला वाटलं, एक तास. एका तासात काय होतंय."

मी त्यांचा हात धरायला गेले. त्यांनी तो काढून घेतला नाही, पण धरलाही नाही.

"मी दोष माझा म्हणून लिहिलं, ते तुझ्यासाठी नाही," ते म्हणाले. "तू फक्त खोकला दाबलास. माणसांना न घाबरायला त्याला मी शिकवलं. आणि त्या दिवशी त्याच्या राखणीला मी उभा होतो."



१४ एप्रिल, गुड फ्रायडे

काल पापनिवेदनाला गेले. रांगेत शेवटपर्यंत थांबले. फादर तरुण आहेत. त्यांनी विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं का की तो मरेल? मी म्हटलं, ठाऊक होतं की मरू शकतो.  मग प्रार्थना सांगितल्या. मी त्या म्हटल्या. जड होतं ते जडच राहिलं.

१९ एप्रिल, बुधवार

कार्यालयात गेले, एकटी. तेलेस्फोर यांना जाण्याआधी सांगितलं. ते म्हणाले, "रुतारेसाठी जात असशील तर जा. स्वतःला बरं वाटावं म्हणून जात असशील तर फादरकडे जाऊन आलीसच की." तरी गेले.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग फाईल माझ्यापुढे सरकवली, त्यात यांची सही. म्हणाले, "अहो मावशी, यावर वर कळवून झालंय. आता मी काय लिहू? की चोवीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाने शेवटच्या महिन्यात खोटा कागद दिला? ते तुम्हाला चालेल?" कळप सीमा ओलांडून काँगोच्या बाजूला गेलाय, असंही म्हणाले. पुढे जाणता नर नाही. परत येईल की नाही, सांगता येत नाही.

मी घरी आले आणि रस्त्यावरची पाहुण्यांच्या खोल्यांची पाटी काढून ठेवली. खिळे गंजलेले होते, निघता निघेनात. तेलेस्फोर यांनी येऊन पक्कडीने काढून दिले. का काढतेस, असं विचारलं नाही.

३० एप्रिल, रविवार

आज शेवटचा दिवस असता. मी कोंबडी केली, कारण काहीतरी करायला हवं होतं. गासिगवा आला होता. त्याला आता सगळं माहीत आहे; तेलेस्फोर यांनीच सांगितलं असावं. माझ्याशी तो आदराने बोलला, पूर्वीपेक्षा जास्त आदराने, आणि एकही थट्टा केली नाही. त्या आदराचं मला फार वाईट वाटलं.

११ मे, गुरुवार

हॉलंडहून जाड पाकीट आलं. आन्नेकेबाईंचं पत्र आणि एक मोठा फोटो.

पत्र आनंदाचं आहे. लिहितात: घरी पोहोचल्यावर दोन आठवडे छातीने आजारी होते, पण आता बरी आहे. गोठ्याच्या दारावर केसनी लावलेलं चित्र काढलं नाही. त्याच्या शेजारी हा फोटो लावलाय. माझ्या आयुष्यात एक तास असा आहे की जो कुणी काढून घेऊ शकत नाही. रुतारे कसा आहे? त्याला माझा नमस्कार सांगा, तुमच्या यजमानांकरवी.

फोटोत रुतारे मान वळवून बघतोय. कोवळ्या कोंबाचा तुकडा ओठात. मागच्या बाजूला बाईंनी माझं नाव घालून लिहिलंय: कॉन्सोलातासाठी. हे तुमच्यामुळे झालं.

तेलेस्फोर परसात कोबीला माती लावत होते. फोटो त्यांना दिला. हात पँटला पुसून त्यांनी तो कडेकडेने धरला. चोवीस वर्षांत त्यांच्याकडे रुतारेचा एकही फोटो नव्हता. रोज बघायचं त्याचा फोटो कशाला, असं म्हणायचे. फार वेळ बघत उभे राहिले. मागे काय लिहिलंय ते विचारलं. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं, एकही शब्द न बदलता.

आत येऊन मी उत्तर लिहायला बसले. खोटं लिहावंसं फार वाटलं. तो बरा आहे, एवढी एक ओळ. कुणाचं काय बिघडलं असतं? ती म्हातारी बाई रोज सकाळी दूध काढताना त्याच्याशी बोलत राहिली असती. पण ती उद्या आणखी कुठल्या डोंगरावर अशीच खोकला दाबून जाईल, आणि तिथेही माझ्यासारखी कुणी असेल. म्हणून खरं लिहिलं. तुमचा खोकला, माझा काढा, तो रुमाल, सहा एप्रिल. सिस्टर लिडविनांच्या अक्षरात, उजवीकडे झुकलेलं, एक पान.

तेलेस्फोर येऊन शेजारच्या खुर्चीवर बसले. म्हणाले, वाच. मी आमच्या भाषेत वाचून दाखवलं.

"बाई रडतील," ते म्हणाले.

"हो."

"पाठवायचंच आहे?"

मी हो म्हटलं. त्यांनी ते पान माझ्या हातातून घेतलं. वाचता येत नसूनही वरपासून खालपर्यंत त्यावरून नजर फिरवली, जणू ओल्या मातीवरचे ठसे आहेत. मग परत माझ्यापुढे ठेवलं आणि रिकाम्या राहिलेल्या जागेवर बोट टेकवलं.

"पिशव्या ठेवायच्या जागी मला वास आला आणि मी त्यांना पुढे सोडलं. हे राहिलंय. हे गाळू नकोस."

मी म्हटलं, त्याची काय गरज आहे? त्यांना ते कळायचं काही कारण नाही.

"लिही," ते म्हणाले. "नाहीतर त्यांना वाटेल, तुम्ही दोघीच होतात."

जागा पुरेना, म्हणून पान पुन्हा पहिल्यापासून लिहिलं. ते शेजारी बसून होते. लिहून झाल्यावर त्यांनी खाली सही करायला पेन मागितलं, आणि माझ्या नावाच्या अगदी जवळ सही केली.

आता त्या पत्रात आम्ही तिघंही आहोत.